पलटणीचा नैवेद्य

खारवून वाळवलेलं, अतिशय पातळ कापलेलं बीफ दुधाच्या घट्ट पांढऱ्या रश्श्यात सोडायचं आणि ते भाजलेल्या पावावर ओतायचं. पाककृती एवढीच. अमेरिकी लष्करात पिढ्यान्‌पिढ्या जवानांनी हे सकाळी सकाळी पोटात ढकललं आणि त्याला 'एस.ओ.एस.' असं टोपणनाव दिलं. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थ सासऱ्यांनी मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितला, तोही सासूबाई घरात नसताना.

सासरे पेनसिल्व्हेनियाचे. तरुणपणी लष्कराच्या भटारखान्यात होते. यंदा त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये, सासूबाई बहिणीकडे, नवरा कामासाठी परगावी. आणि नेमका तेव्हाच त्यांना पलटणीतला नाश्ता आठवला.

आमच्या पुण्याच्या घरात अंड्यालासुद्धा वेगळं पातेलं होतं. मी बीफ खात नाही, पण दुसऱ्याला रांधून घालायला माझी काही हरकत नसते. अडचण निराळीच होती. ते बीफ काचेच्या छोट्या बरणीत येतं आणि भयंकर खारट असतं. आधी गरम पाण्यात भिजवायचं. किती वेळ? "खारटपणा बेताचा होईपर्यंत," सासरे म्हणाले. आता हे न चाखता कोणी ठरवायचं? माझी आजी नैवेद्याचा अख्खा स्वयंपाक न चाखता करायची आणि मीठ कधी चुकायचं नाही म्हणे. अर्थात देवाने तक्रार केल्याचं आमच्याकडे तरी कोणी ऐकलेलं नाही. सासरे बोलतात. घरात कुत्रा आहे, पण तो काहीही चाखलं तरी शेपूटच हलवतो.

प्रमाण विचारलं तर म्हणाले, "किती माणसं?"

"तुम्ही एकटेच."

ते विचारात पडले. एका माणसासाठी त्यांनी जन्मात काही शिजवलेलं नव्हतं. शेवटी मी 1910 सालची लष्करी स्वयंपाक्यांची पुस्तिका इंटरनेटवर शोधून काढली. त्यात 60 जणांचा हिशोब आहे: 15 पौंड बीफ, सव्वा पौंड मैदा, 6 क्वार्ट (साधारण तितकेच लिटर) मांसाचा रस्सा आणि आटवलेल्या दुधाचे दोन डबे. साठ जवान आणि दूध दोन डबे! आमच्या गल्लीतल्या गवळ्यानेही कानाला हात लावला असता. मी तो मांसाचा रस्सा वजा करून सरळ कपभर दूध घेतलं.

मग लोणी वितळवून मैदा टाकला. सासरे खुर्चीतून ओरडले, "रंग बदलू देऊ नकोस! पांढरा राहिला पाहिजे!" मला हे जमणं कठीण. बेसनाच्या लाडवांवर वाढलेला हात, पीठ तुपात पडलं की खमंग वास सुटेपर्यंत थांबत नाही. शिवाय त्या पुस्तिकेत मैदा चरबीत तांबूस परतायलाच सांगितलंय. मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "1910 मध्ये मी नव्हतो." यावर काय बोलणार? मैदा पांढराच ठेवला.

दूध मात्र मी माझ्या पद्धतीने घातलं, पिठल्याला घालतो तसं, थोडं थोडं, दुसऱ्या हाताने सतत घोटत. एक गुठळी झाली नाही. सासऱ्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "आमच्याकडे गुठळ्या असायच्या," ते जरा खट्टू होऊनच म्हणाले.

बीफ पिळून घातलं, मिरपूड घातली. बाहेरून एक दाणाही मीठ घातलं नाही, पण धाकधूक गेली नव्हती. खारट झालं तर यांचं ब्लडप्रेशर, अळणी झालं तर माझी अब्रू. पाव कडक भाजला, वर रस्सा ओतला, बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि श्वास रोखून उभी राहिले.

सासऱ्यांनी डाव्या हाताने मिठाची डबी ओढली आणि पहिला घास घ्यायच्या आधीच बशीवर तीनदा झटकली.