झटके येणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो

‘तोंडाला फेस, अंगाला झटके म्हणजे कुत्रा पिसाळलेलाच, दिसताच मारा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू मेंदूत शिरला तरी झटके येतात, आणि तो रोग माणसाला होत नाही. अपस्मारातही (फेफऱ्यातही) येतात; तो बहुधा ६ महिने ते ६ वर्षं या वयात सुरू होतो आणि औषधावर कुत्री वर्षानुवर्षं छान जगतात. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, खात्री मृत्यूनंतर मेंदूचा नमुना तपासूनच होते, व्हिडिओ बघून नाही. अर्थात ‘रेबीज नाही’ हेही लांबून ठरवता येत नाही. म्हणून हात लावू नका, पशुवैद्यकाला कळवा. चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. आजारी मुकी जनावरं त्यापायी हकनाक मारली जातील.