निमरूदच्या घोड्यांच्या कपाळावर लक्ष्मी नाही

रविवारी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि सोमवारी आत्याच्या नातवाने तो इतिहासाच्या प्रकल्पवहीत उतरवूनही टाकला. फोटोत हस्तिदंताची कोरीव पट्टी आणि खाली मजकूर: 'असीरिया म्हणजे असुरांचा देश. त्यांच्या घोड्यांच्या दागिन्यांवर कमळ आणि लक्ष्मी आहे. हत्ती फक्त भारतात, म्हणून कारागीरही भारतीय. इंग्रजांनी हे दडवलं.'

लक्ष्मीपासूनच सुरुवात करतो, कारण संताप त्याचाच जास्त आला. असीरिया हे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य. हे दागिने तिथल्या निमरूदचे, म्हणजे जुन्या कल्हू शहराचे. असीरियन राजा तिसऱ्या शाल्मनेसरने बांधलेल्या तिथल्या शस्त्रागारात १९५७ ते १९६३ च्या उत्खननात ते ढिगाने निघाले. मुख्य प्रकार दोन: कपाळावरची पट्टी आणि डोळ्याच्या बाजूचं झापड. झापड तळहातावर मावेल एवढं, कडेला चामड्यावर बसवायची भोकं. त्यावर कुठे पंखांचा स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं), कुठे इजिप्तच्या होरस देवाचा डोळा. कमळ आहेच, पण ते नाईलकाठचं. फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या कारागिरांनी इजिप्तकडून घेतलेलं. कपाळपट्टीवरची देवी विवस्त्र आहे, काही पट्ट्यांवर तिने सिंह धरलेत. यात लक्ष्मी कुठून शोधली?

ती कुठली, याचा लेखी पुरावाच आहे. ग्रीसच्या सामोस बेटावर हेराच्या देवस्थानात कांस्याची एक कपाळपट्टी सापडली. वर पंखांचं सूर्यबिंब, खाली तशाच चार विवस्त्र स्त्रिया आणि अरामी भाषेत एक ओळ. तिचा अर्थ असा: आमच्या स्वामींनी नदी ओलांडली त्या वर्षी हदाद देवाने उमकहून आमचे स्वामी हझाएल यांना दिलेली वस्तू. उमक हा तेव्हाच्या उत्तर सीरियातला प्रदेश, तर हझाएल हा इ.स.पू. नवव्या शतकातला दमास्कसचा राजा. भाषा सीरियाची, देव सीरियाचा, राजाही सीरियाचा. निमरूदच्या बऱ्याच हस्तिदंती तुकड्यांवरही जुळणीच्या खुणा म्हणून पश्चिम सेमिटिक (अरामी, फिनिशियन यांसारख्या भाषांची) अक्षरं कोरलेली आहेत. सीरियाच्या आणि फिनिशियाच्या या कारागिरांचं काम असीरियन राजांनी लूट आणि खंडणी म्हणून नेलं. आता आपण त्यांचं श्रेयही काढून घ्यायचं?

हत्ती फक्त भारतात होते, हेही चूक. सीरियात रानटी हत्ती होते. असीरियन राजा पहिल्या तिग्लथ-पिलेसरने हरान आणि खाबूर नदीच्या परिसरात १० हत्ती मारून ४ जिवंत पकडल्याचं त्याच्याच लेखात आहे.

असीरिया हे नाव अश्शूर या देवाचं आणि त्याच नावाच्या शहराचं. नाव जुळलं म्हणून इतिहास जुळत नाही.

दडवल्याचं म्हणाल तर बगदाद, लंडन, न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांत या वस्तू आहेत. २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियमने निमरूदच्या हस्तिदंताचे सुमारे ६,००० नग आणि तुकडे सुमारे ११.७ लाख पौंडांना विकत घेतले, तेही उघडपणे, लोकांच्या देणग्या घेऊन.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. घोड्यांच्या बाबतीत संस्कृतशी नातं सांगणारे शब्द त्या भागात खरोखर होते. मितान्नी या उत्तर सीरियाकडच्या जुन्या राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने सांगितलेल्या अश्वशिक्षणाच्या मजकुरात ऐक, तेर, पंझ, सत्त (एक, तीन, पाच, सात) असे आकडे येतात. पण तो मजकूर या दागिन्यांच्या कित्येक शतकं आधीचा आणि घोड्यांना धावायला शिकवण्याबद्दलचा. हस्तिदंत कोरण्याबद्दल त्यात काही नाही.

उद्या आत्याकडे जातोय. प्रकल्पवहीतलं ते पान फाडायला सांगणार नाही. समोरच्या कोऱ्या पानावर नातवाकडून हझाएलची ओळ लिहून घेणार आहे.