गोंयकारांना बंदी, आम्हाला पायघड्या

आज एका लग्नात पंगतीला शेजारी गोव्याचे पाहुणे बसले होते. माणूस तसा चांगला, आग्रह करून वाढत पण होते, पण मठ्ठा पिता पिता म्हणाले, एक बरं केलं आमच्या सरकारनं, गोंयकाराला कॅसिनोत पाऊल टाकता येत नाही. आणि वर हसले. मला म्हणाले, तुमचे बेळगावचे लोक मात्र लई येतात हां. ताटात जिलेबी होती, तशीच ठेवून उठले मी. घरी येऊन साडी पण बदलली नाही अजून, लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, कंटाळा आला तर पुढं सरका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोव्यात जुगारबंदीचा कायदा 1976 चा आहे. त्याच कायद्याला 1992 मध्ये भोक पाडून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या मशिनी आणल्या, 1996 मध्ये अजून मोठं भोक पाडून जहाजावर जुगाराची टेबलं मांडली. मग घरंदारं बुडायला लागली तशी बोंब झाली, 2012 मध्ये परत दुरुस्ती, आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या माणसाला जुगाराच्या भागात बंदी. आत फक्त पर्यटक, तेही 21 वर्षांच्या वरचे. म्हणजे हे विष आहे हे त्यांना पक्कं कळलंय. आपल्या पोरांच्या ताटातून काढलं आणि शेजाऱ्याच्या ताटात वाढलं, झालं.

आणि पर्यटक म्हणजे कोण ओ? माझा चुलतभाऊ पर्यटक!! आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. उद्यमबागेत त्याचं वर्कशॉप होतं, दोन लेथ, हातात कला अशी की मोठे कारखानेवाले घरी यायचे कामं घेऊन. शनिवारी शटर ओढलं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून रात्री पणजीत. घरी सांगायचा मडगावच्या पार्टीचं पेमेंट आणायला जातो. सोमवारी सकाळी मनगटावर कॅसिनोत बांधतात तो चकचकीत पट्टा, ओढून तुटत नाही असला असतो तो. वहिनीनं सुपारीच्या अडकित्त्यानं कापला. मी समोर चहा पीत बसले होते, ती एक शब्द बोलली नाही, पट्टा पदराच्या टोकात बांधून ठेवला.

आमच्या आधार कार्डाची एक गंमत सांगते. इथं आम्ही मराठीत कागद मागायला गेलो की सतरा हेलपाटे, सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. पण पणजीत कॅसिनोच्या जहाजावर जायच्या जेटीवरच्या काऊंटरवर आमचं कानडीत छापलेलं कार्ड एका मिनिटात चालतं. अख्ख्या देशात आमची एवढी इज्जत दुसरीकडं कुठं होत नसेल.

दुसरी गंमत म्हणजे ती जहाजं उभी आहेत त्या मांडवीचा उगम आमच्या खानापूर तालुक्यात. वर म्हादई, खाली मांडवी. कर्नाटकानं तिच्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी वळवायचं म्हटलं की गोवा पेटून उठतो, आणि बरोबरच आहे त्यांचं, त्यावर मी भांडणार नाही. पण पाणीही आमच्याकडनं आणि नोटाही आमच्याकडनं, एवढं तरी पंगतीत हसताना ध्यानात ठेवा की.

आता कोणीतरी म्हणणार, दादा काय कुक्कुलं बाळ होता काय, स्वतःच्या पायानं गेला. हो, गेला. मान्य. बेळगावात तरी काय सोवळं आहे, ओसी म्हणजे मटका चालतो, पत्त्याचे क्लब चालतात, आयपीएल आली की गल्लीत कोण बुकी आहे हे शेंबड्या पोराला माहीत असतं. तेही मान्य. पण ते चोरून चालतं, पोलिसाची भीती असते. कर्नाटकानं 2007 मध्ये लॉटरी बंद केली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला होता. मोबाईलवरची पैशाची रमी केंद्रानं 2025 मध्ये बंद केली. जहाज मात्र लाईट लावून उभं! त्यावर आता 40 टक्के जीएसटी, म्हणजे सरकारही पंगतीत.

वहिनी आणि मी गेलो होतो त्याला आणायला. फोन बंद, दोन दिवस झाले घरी नाही, वहिनीच्या सासूबाईंना इकडं छातीत दुखायला लागलेलं. गोव्याची कदंबा बस पकडून पणजीला उतरलो, विचारत विचारत जेटीवर. काऊंटरवरचा पोरगा काळ्या कोटात, वय असेल बावीस-तेवीस. म्हणाला, मॅडम, आत जायचं तर एंट्री घ्यावी लागेल. वहिनी म्हणाली, बाबा, मला खेळायचं नाही, नवऱ्याला निरोप सांगायचाय. गेस्टची माहिती देता येत नाही म्हणाला. बघा म्हणजे, पैसे भरून जुगार खेळायला तिला पूर्ण हक्क, आणि आई आजारी आहे एवढं सांगायला आत जायचा हक्क नाही.

त्या पोराचा राग आला होता तेव्हा, आता येत नाही. थोड्या वेळानं तोच बाहेर आला, पाण्याची बाटली दिली, आणि हळूच म्हणाला, काकू, मी खानापूरचाच, फोटो दाखवा, बघून येतो. गेला बिचारा जहाजापर्यंत नेणाऱ्या फीडर बोटीतून. नोकरी जाऊ शकली असती त्याची. आपल्या भागातली किती पोरं तिकडं पगार घेतात हे मलाही माहीत आहे, बंद करा म्हणताना त्यांचं काय हा प्रश्न उरतोच. माझ्याकडं उत्तर नाही.

पण सगळं बंदच करा असं मी म्हणत पण नाहीये. सिंगापूर बघा. तिथल्या नागरिकाला कॅसिनोत शिरायलाच दिवसाला 150 सिंगापूर डॉलर भरावे लागतात, परदेशी माणूस फुकट. आणि मुख्य म्हणजे घरच्यांना अर्ज करता येतो, की आमच्या या माणसाला आत घेऊ नका. चौकशी होते आणि दार बंद. नेपाळनं आपल्या नागरिकांना बंदी घातली, सिक्कीमनं स्थानिकांना घातली. प्रत्येकजण आपापलं दार लावून घेतोय. मग चोर्ला उतरून येणाऱ्यांचं दार कोण लावणार? मला तो घरच्यांचा अर्ज हवाय. बायकोचा, आईचा, पोरीचा. माणूस कुठल्या राज्यातला हे न विचारता.

दादा त्या रात्री आला बाहेर. येताना बसमध्ये आमच्या दोघींच्या मधे बसला होता आणि सारखा म्हणत होता, अजून एक तास थांबलो असतो तर सगळं निघालं असतं. पहिली लेथ तोवर गेलीच होती, दुसरी गणपतीच्या आधी गेली. आता दुसऱ्याच्या वर्कशॉपला जातो, वहिनी ब्लाऊज शिवते. मागच्या महिन्यात त्याच्याच एका मित्रानं ग्रुपवर बॅचलर पार्टीचा बेत टाकला, "दादा पाहिजेच." लाज वाटायला पाहिजे रे!! माझ्या लिस्टमध्ये आहात तुम्ही, वाचताय, नाव घेत नाही एवढंच.

अर्ज लिहायला घेतलाय. इथल्या आमदारांना कानडीत आणि मराठीत, एक प्रत गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना. कानडी नीट लिहून देणारं कोणी असेल तर इनबॉक्समध्ये या, आणि सह्यांसाठी रविवारी संध्याकाळी मी घरी आहे, शहापूरला, कोणीही या.