समुद्र एक ते चार बंद राहील

पुण्याला समुद्र नाही, ही पुणेकराने आजवर तोंडाने कबूल केलेली बहुधा एकमेव उणीव. तीही पुरती कबूल नाहीच. खडकवासल्याच्या धरणाकाठी जिथे लोक कणसं आणि कांदाभजी खात बसतात, त्या जागेला आम्ही चौपाटी म्हणतो आणि वेळ मारून नेतो. पण धरणाचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेत नाही, आणि कणसं खाऊन खाऊन खाणार किती? मग कधीतरी गाडी चांदणी चौकाबाहेर काढून कोकणात उतरावंच लागतं.

वास्तविक या वाटेने शहाणी माणसं उलट्या दिशेने आलेली आहेत. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाट चढून वर आले, १७१३ साली पेशवे झाले. त्यांच्या चिरंजीवांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला. एवढा खटाटोप करून मंडळी समुद्रावरून पुण्यात आली, आणि आम्ही शनिवार उजाडला की त्याच वाड्याला पाठ दाखवून ताम्हिणीतून खाली, थेट श्रीवर्धनलाच. बाळाजीपंतांच्या बाजूने एकच गोष्ट सोपी होती. त्यांच्या मागे सिद्दी होता. आमच्या बरोबर काका असतात.

काका बँकेतून निवृत्त झालेत, असं बँक समजते. सहलीचा विषय निघाला की ते फुलस्केप कागद आडवा धरतात आणि पट्टीने रकाने आखतात: ठिकाण, अंतर, पोहोचण्याची वेळ, बघण्यास लागणारा वेळ, शेरा. या वेळच्या कागदावर ‘समुद्र’ या ठिकाणापुढे पंचवीस मिनिटं होती. ‘सूर्यास्त’ सहा वीस ते सहा पंचेचाळीस. शेरा: ढग असल्यास रद्द. वेळासची कासवं पाहायचं माझ्या मुलाच्या मनात होतं, पण ती आपल्या सोयीने येतात हे कळल्यावर काकांनी त्यांच्यावर काट मारली. जंजिऱ्याचं मात्र त्यांना फार होतं. जो किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही, ज्याच्यासाठी संभाजी महाराजांनी समुद्रात सेतू बांधायला घेतला तरी जो पडला नाही, त्याला काकांनी दीड तास दिला होता. होडीची रांग धरून.

मी गाडी चालवतो. गाडी चालवणाऱ्याला मत नसतं, त्यामुळे माझी बाजू कुठेच नोंदलेली नाही.

पाचला निघायचं ठरलं होतं. आमच्या घरात याचा अर्थ पाचला उठायचं असा होतो. थर्मास, बाकरवडी, आईची उपासाची पिशवी (कारण त्या दिवशी संकष्टी होती), मुलाचा फुटबॉल, आणि कोकणात मिळेल न मिळेल म्हणून बायकोने घेतलेला नारळ, इतकं डिकीत बसेपर्यंत पौड रोडवर निम्मं पुणं आमच्या पुढे गेलेलं होतं. ताम्हिणीत पोराने नियमाप्रमाणे तिसऱ्या वळणावर तोंड फिरवलं. काकांनी घड्याळ पाहिलं आणि ‘शेरा’ रकान्यात काहीतरी लिहिलं.

माणगाव, मोर्बा, म्हसळा करत आम्ही दिवेआगरला पोहोचलो तेव्हा सुवर्णगणेशाची रांग देवळाबाहेर वळसे घेत होती. संकष्टीला दिवेआगरच, हा आईचा हट्ट. त्यापुढे फुलस्केपचं काही चालत नाही. १९९७ साली इथे सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला आणि २०२१ मध्ये नव्याने बसवला. ही सगळी कथा रांगेत आमच्या पुढच्या गृहस्थांनी मागच्या गृहस्थांना सांगितली. मागचेही पुण्याचेच असल्यामुळे त्यांनी ती जागच्या जागी तपासून घेतली. दोघांचं सोन्याच्या वजनावर जमेना. दर्शन होऊन बाहेर आलो तरी ते वजनावरच होते.

तिथून आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता म्हणजे उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि मधे कसाबसा बसवलेला डांबराचा पट्टा. यावर गाडी चालवावी आणि गप्प राहावं. पण काकांच्या कागदात समुद्राची पंचवीस मिनिटं श्रीवर्धनच्या किनाऱ्याच्या नावे पडलेली होती. इथे नुसता पाहिला तर दोनदा धरला जाईल, म्हणून त्यांनी काच वर करायला सांगितली. ऊन लागतं हे कारण वेगळं.

जेवण श्रीवर्धनमधल्या एका घरगुती खानावळीत सांगून ठेवलं होतं. अंगणभर सुपारी वाळत घातलेली, तिच्यातून पायापुरती वाट. ओटीवर केळीची पानं पुसत बसलेल्या काकूंना काकांनी बसायच्या आतच विचारलं, “इथे बघण्यासारखं काय आहे?”

“काय असणार? समुद्र आहे.”

“त्याशिवाय?”

“त्याशिवाय वाडी आहे. पण ती आमची आहे.”

काकांनी तरी वाडी बघून घेतली. वाडीत दोन उंचींची झाडं होती: काही पार आभाळाला टेकलेली, आणि बरीचशी माझ्या डोक्याच्या जेमतेम वर. काकू म्हणाल्या, ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारपर्यंत वाडी आडवी. बुटकी दिसतात ती त्यानंतर लावलेली. सुपारी लावली की दुसऱ्या वर्षी पैसे देत नाही, वर्षानुवर्षं नुसतं पाणी घालत बसायचं. काकू हे सांगत होत्या त्या सुरात मी माझ्या सोसायटीत गळक्या टाकीबद्दलही कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. आमच्याकडे टाकीसाठी मोर्चा निघतो. काकांनी थोडा वेळ मान हलवली आणि मग विचारलं, “सुपारी कशी दिली?”

“घ्यायचीय का?”

“नाही, माहिती असावी.”

ताटात वालाचं बिरडं होतं, केळफुलाची भाजी होती, सोलकढी होती. मासे नव्हते, कारण आईच्या संकष्टीचा उपास सगळ्या गाडीला लागू होता. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून या एका कलमावर तिचं म्हणणं राखून ठेवलेलं आहे. शेजारच्या टेबलवर सांगलीची मंडळी मोदकांची वाट पाहत होती. त्यांना काकूंनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं, “संकष्टीला मोदक दुपारी? चंद्र तर उगवू दे!” कोकणात गिऱ्हाईक हा देव वगैरे नसतो. देव वेगळा असतो आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटतं ते यामुळेच.

हरिहरेश्वरला पोहोचेपर्यंत तीन वाजत आले. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, हा क्रम काकांनी पाळला. मग मोहरा वळवला प्रदक्षिणेकडे. ही प्रदक्षिणा देवळाच्या मागून, कड्याच्या चिरेतून पायऱ्या उतरत थेट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. लाटांनी आणि खारट वाऱ्याने त्या खडकांना अशी भोकं पाडलीत की जाळीच्या घावनाकडे पाहतोय असं वाटावं. काकांच्या कागदावर हा सगळ्या सहलीचा कळस होता. अधोरेखित, लाल शाईत.

पायऱ्यांच्या तोंडाशीच आम्हाला अडवलं. खाली पाणी होतं. म्हणजे जिथे वाट असायला हवी तिथे लाट होती, आणि ती खडकावर आपटून आमच्या चष्म्यांपर्यंत येत होती.

“बंद किती वाजेपर्यंत?” काकांनी विचारलं.

कोकम सरबताची गाडी लावून बसलेल्या बाईंनी बोटं मोजली. “आज चवथ ना? चार पाऊण तीन. तीनला पुरी भरती. आता पाणी उतरेपर्यंत कुठली वाट? एकपासून बंदच आहे. चारनंतर बघा, पण पाचपर्यंत थांबलात तर बरं.”

एक ते चार! पुण्याच्या माणसाला पुण्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, घाट उतरून, अरबी समुद्राने हे ऐकवावं? आमच्या पेठेतले दुकानदार शटर ओढून वामकुक्षी घेतात तेव्हा बाहेरगावचे लोक विनोद करतात. इथे तर दस्तुरखुद्द समुद्राने शटर ओढलं होतं आणि कुणाला हसू येत नव्हतं. तक्रार तरी कुणाच्या नावाने करायची? शंकराचं देऊळ, विष्णूचा समुद्र, दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार.

पण काकांचं लक्ष बंदीकडे नव्हतंच. त्यांच्या कानात ‘चार पाऊण तीन’ घुमत होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळं त्यांनी छडीखाली पाठ केलेलं, आणि गणकयंत्र आल्यापासून कुणी विचारलेलं नाही. बाईंनी हिशेब समजावला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. घड्याळ लागत नाही, मोबाईल लागत नाही, कालनिर्णय असलं की झालं. काका सरबत विसरून उभेच राहिले. मग त्यांनी हळू आवाजात पंधरापर्यंत सगळी पाऊणकी म्हणून दाखवली. बाईंनी त्यांना दुसरा ग्लास फुकट दिला. काकांना कोणी काही फुकट दिल्याचं आमच्या घराण्यात हे पहिलंच उदाहरण, त्यामुळे आई गाडीतून उतरून बघायला आली.

चारपर्यंतचा वेळ रिकामा कसा ठेवायचा? म्हणून बागमांडल्याची फेरीबोट. सावित्रीच्या मुखाशी, पलीकडे वेश्वी. खिडकीतल्या पोराने विचारलं, “पलीकडे कुठे जायचंय?”

“कुठे नाही. जाऊन परत यायचंय.”

त्याने खिडकीतून मान बाहेर काढून गाडीचा नंबर पाहिला, एमएच बारा दिसल्यावर त्याचं समाधान झालं असावं, आणि दोन्ही वेळची तिकिटं फाडली. बोटीवर शिट्टीवाला गाड्या अशा लावतो की दार उघडायला जागा उरत नाही. खाडी ओलांडायला लागतात दहा-पंधरा मिनिटं, तेवढा वेळ आम्ही आमच्याच गाडीत, पट्टे लावून, शेजारच्या टेम्पोच्या ताडपत्रीकडे बघत बसलो. वेश्वीला चाकं टेकली तशी काकांनी लिहिलं: रत्नागिरी जिल्हा, झाला. आम्ही चहासुद्धा न घेता रायगड जिल्ह्यात परतलो.

एवढ्यात पाच वाजून गेले. प्रदक्षिणेची वाट उघडली असणार, पण प्रदक्षिणा केली तर श्रीवर्धनचा सूर्यास्त बुडतो. काकांनी दोन्ही रकान्यांवरून पट्टी फिरवली आणि सूर्यास्ताच्या बाजूने निकाल दिला. सूर्याच्या वेळेला निदान कागदाचा पाठिंबा होता.

सहा वीसला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आम्ही ओळीने उभे होतो. सहा पंचविसाला ढग आले. शेऱ्याप्रमाणे सूर्यास्त रद्द झाला.

आता पुढचं ठिकाण नव्हतं, कारण रात्रीच्या चंद्रोदयापर्यंत आई जेवणार नव्हती आणि आई जेवेपर्यंत आम्ही. काय करायचं कळेना म्हणून मी वाळूत बसलो. भरतीचं पाणी मागे सरलं होतं आणि ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा पडल्या होत्या. एका भोकातून नखाएवढा खेकडा आला, वाळू तोंडापाशी नेली, तिच्यातलं काय हवं ते घेतलं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली. दुसरी गोळी. तिसरी. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीला न चिकटवता. मी हललो की भोकात, थांबलो की बाहेर. किती वेळ गेला कोण जाणे. मुलगा येऊन बसला, मग बायको, मग आईही पदर सावरत. कुणी फोटो काढला नाही, कारण खेकडा वाळूच्याच रंगाचा होता आणि फोटोत नुसती वाळू आली असती.

“हे काय बघताय?” काका मागून म्हणाले.

“खेकडा.”

“हे यादीत नव्हतं.” पण तेही बसले. वाकून बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी विचारलं, “हे वाळवतात का?”

रात्री मोदक आले, चंद्र आला, आई जेवली. बायकोने सुरमईचा विषय पुन्हा राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी बाळाजी विश्वनाथांच्या पुतळ्यासमोर फोटो झाला. जंजिऱ्याला जायचं तर दिघीहून होडी आणि रात्री पुण्यात पोहोचायला बारा, हे काकांना स्वतःच्याच अक्षरात दिसल्यावर किल्ला या वेळीही अजिंक्य राहिला.

परतताना ताम्हिणीत काका पुढच्या सीटवर कालनिर्णय उघडून बसले होते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा राहून गेल्याचं त्यांना लागलं होतं. निजामपूरपासून त्यांची पाऊणकी सुरू होती आणि मुळशीच्या पाण्यापाशी त्यांना हवी ती तिथी सापडली.

“मिळाली! एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, म्हणजे दुपारी सव्वादोनला पुरी ओहोटी. वाट कोरडी ठणठणीत. पुढच्या वेळी एकादशीच्या शनिवारी यायचं. बाराला त्या काकूंकडे पोटभर जेवायचं, थोडं लवंडायचं, आणि दोनला सावकाश प्रदक्षिणा.”

मागच्या सीटवरून आईने विचारलं, “एकादशीला पोटभर काय जेवायचं?”