डोळा कॅमेरा नाही, आणि ओळख पटवणं हे डोळ्याचं काम नाही

‘डोळा म्हणजे देवाने दिलेला ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा. तो फोटो काढतो, मेंदू फक्त बघतो. म्हणून ऑपरेशन झालं की जन्मांधालाही लगेच सगळं ओळखू येतं.’ हा मेसेज मला आठवड्यात तीनदा आला. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि तिसरं तर घातक.

५७६चा आकडा येतो कुठून? १२० बाय १२० अंशांच्या चौकटीत सगळीकडे मध्यभागाइतकंच बारीक दिसतं, असं धरून केलेल्या गुणाकारातून. हात लांब करून पेपर धरा, एका शब्दावर नजर रोखा आणि ती न हलवता चार बोटं पलीकडचा मजकूर वाचून बघा. नाही लागत. स्वच्छ दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचं नजर फिरवून गोळा करावं लागतं.

फोटोचं म्हणाल, तर दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, बारा कोटींच्या आसपास प्रकाशपेशी आहेत आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू सुमारे दहा लाख. निवड डोळ्यातच सुरू होते. पुढे काय होतं ते १९५०च्या दशकाअखेरीस ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरावरच्या प्रयोगांत पाहिलं. काचपट्टीवरचा ठिपका दाखवला तरी मेंदूतली पेशी ढिम्म. पट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि पेशीचे विद्युत संकेत तडतडू लागले. पेशीला हवी होती ठरावीक कोनातली रेघ. अशा रेघांतून आकार आणि आकारांतून वस्तू जुळवण्याचं काम पुढच्या टप्प्यांवर, कानशिलामागच्या भागापर्यंत चालतं.

आता तिसरं वाक्य. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ अंध मुलांवर उपचार करतो आणि ती बघायला कशी शिकतात ते तपासतो. त्यातल्या, भारतातल्या पाच जन्मांध मुलांवरचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. वय ८ ते १७. ऑपरेशननंतर लगेच त्यांच्या हातात एक ठोकळा दिला, मग दोन दाखवून विचारलं, मघाचा कोणता? उत्तरं जवळजवळ छापा-काट्यासारखी आली. दोन ठोकळे नुसते डोळ्यांनी जुळवायला मात्र त्यांना छान जमत होतं. म्हणजे डोळा चालत होता. हाताची ओळख नजरेला लागू व्हायची होती. काही दिवसांत तीही सुधारली.

म्हणून डोळ्यावरची पट्टी काढल्यावर मूल ताटातली वाटी ओळखत नसेल, तर ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून त्याला घरी बसवू नका. उशिरा दृष्टी आलेल्यांना सुरुवातीला सावलीसुद्धा वेगळी वस्तू वाटू शकते. पण वस्तू हलली की तिचे सुटे वाटणारे तुकडे एकत्र येतात, आणि ती ओळखू येते. त्याच्यासमोर वाटी हलवा, मग हातात द्या.