खुलासा : सहमूळ संख्या आणि लसाविचा ‘शॉर्टकट’

शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक युक्ती फिरते आहे : ‘सहमूळ म्हणजे दोन्ही संख्या मूळ हव्यात. आणि दिलेल्या संख्यांचा मसावि (सगळ्यांना भागणारी सर्वांत मोठी संख्या) १ आला, की त्यांचा गुणाकार हाच लसावि (सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या), मग संख्या कितीही असोत.’

पहिलं वाक्य साफ चूक आहे. ८ आणि ९ यांपैकी एकही मूळ संख्या नाही, तरी १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही, म्हणून त्या सहमूळ आहेत. खरं तर लागोपाठच्या कोणत्याही दोन संख्या सहमूळच असतात, कारण दोघींना भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागते, आणि फरक तर १ आहे.

दुसरं वाक्य अर्धंच खरं, म्हणून जास्त घातक. दोन संख्यांपुरतं ते बरोबर आहे : ८ आणि ९ चा लसावि ७२. पण ६, १०, १५ घ्या. तिघींचा मिळून मसावि १, गुणाकार ९००, लसावि मात्र ३०! कारण ६ आणि १० मध्ये २ सामाईक आहे, १० आणि १५ मध्ये ५, ६ आणि १५ मध्ये ३. याउलट ४, ९, २५ यांचा गुणाकारही ९००, आणि लसाविही ९००, कारण इथे प्रत्येक जोडी सहमूळ आहे. तेव्हा तीन संख्या असल्या, की मुलांना आधी तिन्ही जोड्या तपासायला लावा.