दोन निळ्या नोटांचं काय?

व्हिएतनामच्या नोटांबद्दल 'मागची तीन शून्यं सोडून द्या, हिशेब सोपा' असं एका लेखात वाचलं, पण ते अर्धंच खरं आहे. तिथलं चलन डाँग; २०,००० डाँगची नोट निळी आणि ५,००,०००चीही निळीच, दोन्हींवर तिथले राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचाच चेहरा. फरक थेट पंचवीस पट! सांगलीहून आईला घेऊन हनोईला गेलो होतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात शहाळं घेताना आईने वीस हजार समजून पाच लाखांची नोट पुढे केली. विकणारी बाई भली, तिनेच शून्यांवर बोट ठेवून परत दिली. त्या रात्रीच आईने मोठ्या नोटा वेगळ्या करून मेतकुटाच्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या.

आणि शाकाहारी लोकांनी 'आन चाय' (म्हणजे शाकाहारी खाणं) हे शब्द पाठच करावेत. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर पालेभाजीतही बरेचदा माशाचा सॉस असतो.